शूमेकर-लेव्ही ९ : गुरूवरील आघातांची अवरक्त निरीक्षणे

१६ ते २२ जुलै १९९४ या काळात शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे सुमारे वीस तुकडे सेकंदाला ६० किमी वेगाने गुरूच्या दक्षिण गोलार्धात ४४° अक्षांशाजवळ कोसळले. १९९२ मध्ये गुरूच्या फार जवळून जाताना त्याच्या गुरुत्वाच्या ताणाने हा धूमकेतू फुटला होता. कॅरोलिन व यूजीन शूमेकर आणि डेव्हिड लेव्ही यांना तो मार्च १९९३ मध्ये पालोमार येथे सापडला. टक्कर कधी होणार हे आधीच ठाऊक असल्याने जगभरच्या दुर्बिणी सज्ज होत्या.

बऱ्याच वेधशाळांनी २.३ मायक्रोमीटरच्या आसपासची अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या प्रकाशाची) तरंगलांबी निवडली. इथे गुरूच्या वातावरणातला मिथेन सूर्यप्रकाश गिळून टाकतो आणि ग्रहाचे बिंब काळवंडते. मिथेनच्या थरावर उसळलेला तप्त वायू किंवा धूळ मात्र लख्ख उठून दिसते. आघातांच्या जागी उमटलेले दृश्य प्रकाशातले काळे डाग म्हणूनच अवरक्त चित्रांत तेजस्वी ठिपके झाले.

आघाताच्या जागा पृथ्वीवरून पाहता बिंबाच्या कडेपलीकडे, जेमतेम आडोशाला होत्या. गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाला मात्र त्या थेट दिसत होत्या, आणि त्याच्या अवरक्त वर्णपटमापकाने (प्रकाशाचे तरंगलांबीनुसार विभाजन करून मोजणाऱ्या उपकरणाने) 'जी' हे अक्षर दिलेल्या तुकड्याचा अग्निगोल टिपला. तरीही जमिनीवरच्या नोंदींनी घटनेचा क्रम उलगडला, आणि या निरीक्षणांचे खरे मोल त्यात आहे. आधी दोन क्षीण चमका दिसल्या : तुकडा वातावरणात शिरतानाची आणि अग्निगोल कडेवर डोकावतानाची. मग आघातानंतर सुमारे सहा मिनिटांनी तेज कितीतरी पटींनी वाढले आणि दहाएक मिनिटे टिकले. सुमारे ३,००० किमी उंच उसळलेला फवारा तेव्हा परत खाली कोसळत होता. त्याच्या माऱ्याने स्थितांबर (वातावरणाचा वरचा थर) तापले आणि तेच प्रखरपणे उजळले.

स्पेनमधील कालार आल्तो, हवाईतील मौना केआ आणि ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथून वेध घेतले गेले. दक्षिण ध्रुवावर जुलैत अखंड रात्र असते आणि गुरू तेव्हा तिथे मावळत नव्हता, त्यामुळे तेथील छोट्या स्पायरेक्स दुर्बिणीला सलग पहारा ठेवता आला.

वर्णपटांत तप्त कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, हायड्रोजन सायनाइड आणि पाण्याची वाफ आढळली. यांपैकी पाण्याचा माग बराच काळ टिकला. हर्शेल या अवरक्त अवकाश दुर्बिणीने काढलेल्या नकाशात गुरूच्या स्थितांबरातले पाणी दक्षिण गोलार्धात उत्तरेपेक्षा दोन ते तीन पट अधिक भरले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्यातले बहुतेक सारे पाणी याच धूमकेतूने आणलेले आहे.