रेडिएटर कव्हर : कुठे लावायचं, कधी उघडायचं

थंडी पडली की उत्तरेला माल नेणाऱ्या गाड्यांचे मालक आमच्या दुकानी येतात आणि म्हणतात, "पुढच्या जाळीला कव्हर शिवून द्या." शिवायचं काम आमचंच. पण आधी आम्ही विचारतो, गाडी जाते कुठपर्यंत? दिल्ली-अंबाल्याहून परत फिरत असेल तर पैसे वाचवा. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण डिझेल इंजिनाला ती थंडी किरकोळ आहे.

बनिहाल ओलांडून काश्मीर खोऱ्यात, अटल बोगद्यापलीकडे लाहौलात, किंवा कारगिल-लेहकडे गाडी जाणार असेल तर कव्हर कामाला येतं. बाहेर चार-पाच अंशांपेक्षा जास्त असेल तर ते गुंडाळून केबिनमध्ये ठेवायचं.

इंजिनाला साधारण ८० ते ९५ अंशांची ऊब लागते. त्याखाली डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर येतो, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, अ‍ॅव्हरेज पडतं आणि केबिनचा हीटर गार हवा फेकतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप, बंद असली तरी जाळीतून घुसणारा वारा इंजिनाच्या अंगावरून, ऑइलच्या चेंबरवरून जातच राहतो. उतारावर किंवा रिकाम्या गाडीत इंजिनाची स्वतःची उष्णता कमी, म्हणून तापमानाचा काटा खाली येतो. हा वारा अडवणं, एवढंच कव्हराचं काम.

आधी थर्मोस्टॅट बघा

आपल्याकडे एक जुनी खोड आहे. उन्हाळ्यात गाडी गरम झाली की मेकॅनिक थर्मोस्टॅटच काढून टाकतो. मालकाला पत्ता नसतो. मग तीच गाडी थंडीत वर गेली की काटा हलत नाही. सकाळी गार इंजिन चालू करा आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या होजवर (रबरी नळीवर) फॅनपासून हात लांब ठेवून तळवा टेकवा. काटा चढेपर्यंत होज गारच राहिला आणि मग एकदम तापला, तर थर्मोस्टॅट ठीक. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर तो उघडा अडकलाय किंवा जागेवर नाहीच. अशा गाडीला आम्ही कव्हर देत नाही. आधी थर्मोस्टॅट बसवून या.

मधलं भोक बुजवू नका

आमच्या कव्हराला मधोमध उघडी जागा असते, जाळीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी. गेल्या हिवाळ्यात एक ग्राहक तिथे रेक्झिनचा तुकडा शिवून मागायला आले. "इथून वारा येतो ना!" म्हणाले. वारा यावा म्हणूनच ती जागा ठेवलीय. टर्बो गाडीत रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो, टर्बोने दाबून इंजिनाला दिलेली गरम हवा तो थंड करतो. तो पूर्ण झाकला की इंजिनात तापलेली हवा जाते, सायलेन्सरकडे जाणारा धूर जास्त गरम होतो आणि टर्बोवर ताण येतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत फॅन कधी धरायचा, म्हणजे जोरात फिरू लागायचा, हे फॅनच्या मध्यावर लागणाऱ्या हवेवरून ठरतं. तिथेच वारा नसेल तर त्याचा हिशोब चुकतो.

पुठ्ठा किंवा गोणपाट एकाच बाजूला खोचणं तर त्याहून वाईट. फॅनचं पातं अर्ध्या फेरीत वाऱ्यात, अर्ध्या फेरीत आडोशाला. मिनिटाला दीड-दोन हजार वेळा तोच झटका बसला की पात्याला मुळाशी चीर जाते. म्हणून आमचे दोन्ही बाजूंचे पडदे सारखे आहेत. उघडायचे तर दोन्ही, लावायचे तर दोन्ही.

चढाला पडदे उघडे

फसगत होते ती इथे. सोनमर्गहून झोजिला चढताना दोन्ही बाजूंना बर्फ असतो, म्हणून ड्रायव्हर कव्हर बंद ठेवतो. पण लोड गाडी खालच्या गिअरमध्ये, पाय दाबलेला, वेग नाही म्हणून समोरून वारा नाही, आणि खिंड ३,५२८ मीटरवर, म्हणजे हवा विरळ. त्या उंचीवर साधं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. कूलंटऐवजी पाणी भरलेलं आणि रेडिएटरचं झाकण ढिलं असेल, तर काटा लाल पट्ट्यात जायच्या आधीच वाफ होते. चढ लागायच्या आधी थांबा, पडदे उघडा. पलीकडे उताराला लागलात की पुन्हा लावा. सपाटीवरही फॅन वारंवार धरून मोठ्याने घोंघावू लागला, तर कव्हर जास्त झालंय असं समजा. बीएस-६ गाडी उभी करून डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई चालवायची असेल तेव्हा कव्हर पूर्ण काढा.

कव्हराने डिझेल मात्र गोठायचं थांबत नाही. आपल्याकडे भरलेलं साधं डिझेल कारगिलच्या रात्री मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. टाकी इथूनच काठोकाठ भरून नेऊ नका, ती वर जाताना उतरू द्या. लडाखसाठी इंडियन ऑइलचं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल २०१९ पासून आलंय, ते तिथे भरा. टाकीखाली शेकोटी पेटवायचा उद्योग कुणी सुचवला तर ऐकू नका. कूलंट निम्मं आणि पाणी निम्मं असेल तर उणे ३५ पर्यंत काळजी नाही.

मापासाठी गाडीच घेऊन या, कारण एकाच मॉडेलच्या जाळ्याही बदललेल्या निघतात. पट्ट्यांचे हूक जाळीच्या चौकटीत अडकवायचे, रेडिएटरच्या पातळ पत्र्यात कधीच नाही. नंबर प्लेट आणि दिवे मोकळे राहिले पाहिजेत. परत आल्यावर कव्हर पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच गुंडाळा. ओलं गुंडाळलं तर पुढच्या हिवाळ्यात आयलेट (भोकांच्या धातूच्या कड्या) गंजलेले निघतात. आयलेट आम्ही बदलून देतो, पण त्याचे पैसे वेगळे.