पिल्सन मेक्सिकन कसं झालं?

शिकागोत मेक्सिकन वस्ती बघायची म्हटलं की पर्यटकांना अठराव्या रस्त्यावरच्या पिल्सनला पाठवतात. रंगवलेल्या भिंती, पानादेरीतला, म्हणजे मेक्सिकन बेकरीतला, गोड पाव, सप्टेंबरात मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाला गाड्यांवर फडकणारे झेंडे. हे सगळं बघून ही माणसं पहिल्यापासून इथलीच, असं वाटतं. पण पिल्सन त्यांना कुणी आंदण दिलेलं नाही.

शिकागोत मेक्सिकन मजूर मोठ्या संख्येने आले ते 1910 नंतर. तिकडे क्रांतीची धामधूम सुरू होती, इकडे रेल्वे, पोलाद गिरण्या आणि कत्तलखान्यांना हात हवे होते. अमेरिकेच्या 1924च्या स्थलांतर कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातली. मेक्सिको त्या मर्यादेबाहेर राहिला, त्यामुळे मागणी आणखी वाढली. रेल्वेची कामं करणारी काही कुटुंबं तर रुळांशेजारी उभ्या केलेल्या मालडब्यांतच संसार करत होती. मग मंदी आली आणि हीच माणसं नकोशी झाली. 1930च्या दशकात देशभरातून लाखो मेक्सिकनांना परत धाडलं गेलं. त्यात अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्याने अमेरिकन असलेली मुलंही होती. दुसऱ्या महायुद्धात मजूर कमी पडताच 1942मध्ये करारावर मजूर आणण्याची ‘ब्रासेरो’ योजना सुरू झाली. ती 1964पर्यंत चालली. गरज असली की या, सरली की जा, हा अनुभव या समाजाच्या हाडीमाशी भिनला आहे. जागेबद्दलचा त्यांचा आग्रह समजून घ्यायचा तर हे आधी लक्षात घ्यायला हवं.

शहरातली त्यांची एक जुनी वस्ती पिल्सनच्या उत्तरेला, निअर वेस्ट साइडला होती. इटालियन आणि ग्रीक शेजारी होते. 1960च्या दशकात तिथे इलिनॉय विद्यापीठाचं संकुल उभं राहिलं. आपल्याकडची मुलंही आज तिथे शिकतात. त्या संकुलासाठी घरं पाडली गेली आणि मेक्सिकन कुटुंबं दक्षिणेला, पिल्सनमध्ये सरकली. पिल्सन तेव्हा चेक आणि पोलिश लोकांचं होतं. नावही बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, शहरावरून आलेलं. चेक लोकांनी 1892मध्ये बांधलेला थॅलिया हॉल आजही अठराव्या रस्त्यावर उभा आहे. काही वर्षांतच इथल्या चर्चमध्ये स्पॅनिश प्रार्थना ऐकू येऊ लागली.

पण खरी घडण झाली ती 1970च्या दशकात. भागात चांगलं हायस्कूल नव्हतं. पालक, त्यातही आया, रस्त्यावर उतरल्या, मोर्चे काढले, शाळा बंद पाडल्या. त्यातून 1977मध्ये बेनितो हुआरेझ हायस्कूल सुरू झालं. मेक्सिको सिटीतलं मानववंशशास्त्राचं संग्रहालय उभारणारे वास्तुविशारद पेद्रो रामिरेझ वाझ्केझ यांचा त्याच्या आराखड्यात हात होता. 1976च्या नाताळात एका घराला आग लागून लहान मुलं दगावली. पुढच्या वर्षीपासून गुड फ्रायडेला अठराव्या रस्त्यावरून येशूच्या यातनांची जिवंत मिरवणूक निघू लागली. त्या आगीचं दुःख वस्तीने असं एकत्र येऊन वाहिलं.

याच लाटेतून 1982मध्ये कार्लोस तोर्तोलेरो आणि हेलन वाल्देझ यांनी इतर शिक्षकांच्या साथीने एक संस्था काढली. 1987मध्ये हॅरिसन पार्कमधल्या एका जुन्या इमारतीत तिचं संग्रहालय उघडलं. आज ते ‘नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट’ म्हणून ओळखलं जातं आणि प्रवेश सगळ्यांना मोफत आहे. मृतांच्या दिवसानिमित्त तिथे दरवर्षी वेद्या मांडतात: गेलेल्या माणसाचा फोटो, मेणबत्त्या, त्याला आवडणारं खाणं आणि झेंडूच्या फुलांच्या राशी. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मुळात मेक्सिकोकडचाच, म्हणून ती वेदी मराठी डोळ्यांना मुळीच परकी वाटत नाही.

आता पुन्हा जागेचाच प्रश्न आहे. 2000नंतर पिल्सनमधून दहा हजारांहून अधिक लॅटिनो रहिवासी कमी झाले. भाडी आणि घरपट्टी परवडेना, म्हणून अनेकांनी पश्चिमेची लिटल व्हिलेज किंवा त्यापलीकडची सिसेरो, बर्विन ही गावं गाठली. ‘कासा आस्तलान’ हे मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीचं जुनं केंद्र. ती इमारत विकली गेली आणि चित्रकार रे पातलान यांनी रंगवलेल्या तिच्या भिंतीवर 2017मध्ये करडा रंग फासला गेला. लोक इतके संतापले की नव्या मालकाला पातलान यांनाच बोलावून तिथे नवं चित्र काढून घ्यावं लागलं.

त्यानंतर महापालिकेने अठराव्या रस्त्याच्या परिसराला ऐतिहासिक वारशाचा दर्जा देण्याचा प्रस्ताव आणला, त्यात भित्तिचित्रांचाही समावेश होता. अनेक रहिवाशांनीच त्याला विरोध केला. जुन्या घराची दुरुस्ती नियमांप्रमाणे करायची तर खर्च कोण देणार, हा त्यांचा सवाल होता. मला तो रास्त वाटतो. डिसेंबर 2020मध्ये नगर परिषदेने प्रस्ताव फेटाळला. भाडेवाढीवरचा तोडगा मात्र अजून निघालेला नाही.