सेकंडहँड लॅपटॉप आणि ग्राफिक्स चिपची पिढी

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांनी वापरून काढलेला लॅपटॉप घेताना लोक रॅम, एसएसडी आणि बॅटरी बघतात. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची असेल तर पडद्यावरचं चित्र काढणारी ग्राफिक्स चिप आधी बघावी, आणि तिच्यावरच्या नावाइतकीच तिची पिढीही. कारण कोणत्या कंपनीने स्वतःचा कारभार कधी आणि किती उघड केला, त्यावर आजचा त्रास ठरतो.

इंटेलचं थोडक्यात सांगता येतं. तिचे ड्रायव्हर, म्हणजे चिपला चालवणारे प्रोग्राम, पूर्वीपासून खुले (कुणीही कोड वाचावा, सुधारावा असे) आणि तिच्याच पगारी लोकांनी लिहिलेले, त्यामुळे साधा ऑफिसचा लॅपटॉप सहसा मुकाट चालतो. अपवाद २००८ च्या सुमाराच्या काही नेटबुकमधल्या जीएमए ५०० चा. नाव इंटेलचं, आतलं ग्राफिक्स पॉवरव्हीआर या बाहेरच्या तंत्राचं, ड्रायव्हर बंद. असलं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नये.

एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स चिपची कंपनी घेतली, तेव्हा एटीआयचा बंद ड्रायव्हर लिनक्सवाल्यांत बदनाम होता. सप्टेंबर २००७ मध्ये एएमडीने चिपची तांत्रिक कागदपत्रं खुली करायचं जाहीर केलं. फळ लगेच दिसलं नाही. २०१५ मध्ये लिनक्स ४.२ सोबत एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला आणि मग चित्र खरोखर पालटलं.

एनव्हिडियाची कथा मात्र गुंतागुंतीची. कागद मिळेनात म्हणून स्वयंसेवकांनी चिप कशी वागते ते निरखून नूवो हा ड्रायव्हर लिहिला. २०१० मध्ये तो कर्नल २.६.३३ मध्ये आला. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर या कंपनीला मधलं बोट दाखवलं, ते उगाच नव्हे. पुढे जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीच्या डिजिटल सहीचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, सक्तीचं झालं. वेग वाढवायची किल्लीच नूवोच्या हाती राहिली नाही, म्हणून कार्ड सुरू होतं पण रांगतं.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण फक्त ट्युरिंग, म्हणजे २०१८ च्या पिढीपासून पुढे. ओपनजीएल (थ्रीडी चित्रं) आणि कुडा (चिपवरची आकडेमोड) यांचा भाग बंदच राहिला. मधल्यामध्ये लटकली ती ट्युरिंगच्या आधीची पास्कल पिढी: जीटीएक्स १०५०, १०६०. नेमके हेच जुने गेमिंग लॅपटॉप स्वस्तात दिसतात. त्यांच्यावर बंद ड्रायव्हर चालतो, पण ५८० ही त्यांना सांभाळणारी ड्रायव्हरची शेवटची मालिका.

लॅपटॉपमध्ये आणखी एक मेख असते. इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असले, की अनेक मॉडेलांत एचडीएमआयची तार एनव्हिडियाकडे गेलेली असते. स्क्रीन छान चालते, प्रोजेक्टर काळा. वाशी असो वा ठाणे, दुकानात पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून बाहेरचा मॉनिटरही तिथेच जोडून बघावा. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान.