ग्रंथालयातल्या पुस्तकासाठी बोटाचा ठसा?

काही शाळांत ग्रंथालयातलं पुस्तक किंवा जेवण घेताना मुलांची ओळख बोटाच्या ठशावरून पटवतात. हे चालतं कसं? भिंग घ्या आणि आपल्याच बोटाचं टोक त्याखाली धरून बघा. उजेड बाजूने पडू द्या. जवळजवळ चाललेल्या बारीक रेषा दिसतील. एखादी मध्येच संपते, एखादीला फाटा फुटतो. ठसा ओळखणाऱ्या यंत्राचं सगळं काम या टोकांवर आणि फाट्यांवर चालतं. ही नक्षी गर्भातच, साधारण सहाव्या महिन्यापर्यंत पक्की होते आणि मग जन्मभर तीच राहते.

शाळेत मूल यंत्रावर बोट टेकवतं, तेव्हा यंत्र या खुणांच्या जागा आणि दिशा टिपून आकड्यांची एक यादी करून ठेवतं. तिला टेम्प्लेट म्हणतात. पुढच्या वेळी नवी यादी जुनीशी ताडून पाहायची. पण दोन याद्या तंतोतंत जुळत नाहीत; बोट कधी ओलं असतं, कधी तिरकं पडतं. म्हणून 'इतपत जुळलं की पुरे' अशी मर्यादा यंत्राला आखून द्यावी लागते. ती सैल ठेवली तर दुसऱ्याचं बोट खपून जातं, कडक केली तर ज्याचं बोट त्यालाच नकार मिळतो. लहान मुलांच्या रेषा बारीक आणि दाट असतात. शिवाय बोट वाढतं तशी खुणांमधली अंतरंही वाढतात, त्यामुळे काही वर्षांनी ठसे पुन्हा घेण्याची वेळ येते.

पालकांनी शंका काढली की ठरलेलं उत्तर मिळतं: आम्ही ठशाचं चित्र ठेवत नाही, फक्त आकडे ठेवतो. हे उत्तर अपुरं आहे. प्रमाणित टेम्प्लेटवरून मूळ ठशाशी मिळतंजुळतं चित्र पुन्हा उभं करता येतं, हे इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं. त्याआधी २००२ मध्ये जपानच्या त्सुतोमू मात्सुमोतो यांनी जिलेटिनच्या बोटांनी बाजारातली ठसायंत्रं फसवली होती. आणि २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून ५६ लाख लोकांच्या ठशांची चोरी उघडकीला आली. चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो. सात वर्षांच्या मुलीचा ठसा गेला, तर साठाव्या वर्षीही तिच्याकडे तेच बोट असणार.

फोनलाही आपण बोट लावतोच की, असं कुणी म्हणेल. पण चांगल्या फोनमध्ये ती यादी फोनमधल्याच एका बंदिस्त कप्प्यात राहते. शाळेतली यादी मात्र शाळेच्या किंवा कंत्राटदाराच्या संगणकावर, सगळ्या मुलांची एकत्र साठवलेली असू शकते. चोराच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

शाळांची बाजू अगदीच पोकळ नाही. मुलं कार्ड हरवतात, पैसे हरवतात. शिवाय सगळ्यांनी बोटच लावलं, तर मोफत जेवण कुणाला मिळतं हे रांगेतल्या इतरांना कळत नाही. हा शेवटचा मुद्दा मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. पण तो साध्या कार्डानेही साधतो, कारण सगळ्यांची कार्डं सारखीच दिसतात.

राहिली संमती. स्वीडनमधल्या शेलेफ्तेओ इथल्या एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली, तीही संमती घेऊन. तरी २०१९ मध्ये तिथल्या माहिती-संरक्षण यंत्रणेने २ लाख क्रोनरचा दंड ठोठावला. विद्यार्थी शाळेच्या अधिकाराखाली असतो, त्यामुळे त्याच्या होकाराला मोकळा होकार म्हणता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. मला ते पूर्ण पटतं. वर्गशिक्षकांनी पुढे केलेल्या कागदावर 'नाही' लिहायला किती घरं धजावतील?

ब्रिटनमध्ये अनेक शाळांनी आधी पालकांना न विचारताच ठसे घेतले होते. मग इंग्लंड आणि वेल्ससाठी २०१२ चा कायदा आला. त्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची लेखी संमती लागते, आणि नकार देणाऱ्यासाठी शाळेला दुसरी सोय ठेवावीच लागते. त्यातलं एक कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं: आईवडिलांनी सही केली असली, तरी मूल स्वतः नको म्हणालं की शाळेला त्याचा ठसा घेता येत नाही.