वाकतं ते विकर

फर्निचरच्या दुकानात हमखास ऐकू येणारा प्रश्न : "हे वेताचं आहे, की विकरचं?" प्रश्नच चुकलेला असतो. वेत ही वस्तू आहे, विकर ही वीण. वेत, बांबू, बोरू, विलोच्या कोवळ्या फांद्या यांपैकी काहीही उभ्या काड्यांतून आलटून-पालटून ओवलं, की ते विकर.

इंग्रजीत हा शब्द मध्ययुगात आला तो स्कँडिनेव्हियाकडून. स्वीडिशमध्ये 'विका' म्हणजे वाकवणं, दुमडणं. तिथल्या काही बोलींत विलोच्या झाडालाच 'विकर' म्हणत. म्हणजे झाडाला नाव मिळालं ते त्याच्या वाकण्यावरून. याच कुळातून इंग्रजीत 'वीक', म्हणजे दुबळा, हा शब्दही आला : जो दाबताच वाकतो तो. (आपल्या 'वाकणे'शी मात्र नातं जोडू नका. ते 'वक्र'पासून आलेलं, त्याचं घराणं निराळं.)

खरं नातं दुसरीकडे आहे. संस्कृतातला 'वेतस', लॅटिनमधला द्राक्षवेलीचा 'विटिस', इंग्रजीत विलोच्या फांदीला म्हणतात तो 'विदी' हे सगळे वळणं, पिळणं या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत. विकरचं मूळही त्याच्याच शेजारचं. गंमत म्हणजे वाकण्यावरून इंग्रजीनं दुबळेपणा काढला, तर संस्कृतानं शहाणपण. बलाढ्य शत्रूपुढे लवून तगून राहण्याला आपल्याकडे 'वैतसी वृत्ती' म्हणतात.

आता हे वाकणं होतं कसं? लाकडाच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजचे ताठ धागे असतात आणि ते लिग्निन व हेमिसेल्युलोज यांच्या लगद्यात रुतलेले असतात. काडी भिजवली की पाणी या लगद्यात, विशेषतः हेमिसेल्युलोजमध्ये शिरतं, तो सैलावतो आणि काडी न मोडता वळते. वाळली, की त्याच वळणात घट्ट बसते. म्हणून टोपली विणणारा कारागीर आधी काड्या पाण्यात टाकतो. विलोची झाडं तर दर हिवाळ्यात बुंध्यापाशी छाटतात, कारण पुढच्या वर्षी फुटणारे सरळ, बिनफाट्याचे धुमारेच विणायला हवे असतात.

हल्ली बाल्कनीत दिसणारं विकर बहुतेकदा पॉलिथिलीनच्या पट्ट्यांचं असतं. त्याला ना झाड माहीत, ना पाणी. तरी नाव खोटं नाही, कारण वीण तीच आहे.