शैक्षणिक यशमापन, माओरी

न्यूझीलंडमधील माओरी या मूलनिवासी समाजात मुलाची प्रगती परीक्षेच्या गुणांपुरती न ठेवता भाषा, वंशावळ (फाकापापा) व गणगोत (फानाउ) यांच्याशी असलेल्या त्याच्या नात्यातून जोखण्याची पद्धत. या शब्दांतील, रोमन लिपीत wh असा लिहिला जाणारा, आद्य ध्वनी बहुतेक भागांत ‘फ’च्या जवळचा असल्याने येथे ‘व्ह’ लिहिलेला नाही.

संकल्पनेचा उगम सामान्यतः 2001 सालच्या शिक्षणविषयक माओरी परिषदेतील माओरी अभ्यासक मेसन ड्युरी यांच्या भाषणाशी जोडला जातो. माओरी म्हणून जगता येणे, जगाचे नागरिक म्हणून सहभागी होणे आणि उत्तम आरोग्य व राहणीमान लाभणे, ही शिक्षणाची तीन उद्दिष्टे त्यांनी मांडली. ‘का हिकितिया’ या 2008 च्या सरकारी धोरणातील ‘माओरी म्हणून यश’ ही शब्दयोजना याच विचाराला धरून आहे. मात्र मुळे याहून जुनी दिसतात. 1982 मध्ये ‘कोहांगा रेओ’ (भाषेचे घरटे) ही बालकेंद्रे आणि 1985 मध्ये ऑकलंडच्या पश्चिम भागात पहिली ‘कुरा कौपापा’ (माओरी माध्यमाची) शाळा सुरू झाली. या शाळांचे तत्त्वपत्र ‘ते आहो मातुआ’ माओरी शिक्षणतज्ज्ञ कातेरिना मताइरा यांच्या पुढाकाराने साधारणतः 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले. त्याच्या सहा भागांपैकी शेवटचा, ‘ते तिनो उआरातांगा’, शाळेतून बाहेर पडणारे मूल कसे असावे याचेच वर्णन करतो. तेव्हा ड्युरी यांनी आधीच्या आचाराला धोरणाची भाषा दिली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

बालशिक्षणात याचे तपशीलवार रूप ‘ते फातु पोकेका’ (2009) या मूल्यमापन-मार्गदर्शिकेत आढळते. फातु पोकेका म्हणजे हाराकेके वनस्पतीच्या धाग्यांची, आतून अल्बट्रॉसची पिसे विणलेली तान्ह्या बाळाची दुलई. मूल वाढते तशी ती त्याचा आकार घेते; मूल्यमापनानेही तसेच करावे, हा रूपकाचा आशय. शिकण्याच्या तीन अवस्था मानल्या आहेत : मोहिओतांगा (मूल घरून घेऊन येते ते ज्ञान), मातौरांगा (नव्याशी झटापट व गोंधळ) आणि मारामातांगा (उमज). त्यांची सांगड अनुक्रमे ते कोरे (शून्य), ते पो (रात्र) व ते आओ मारामा (उजेडाचे जग) या विश्वोत्पत्तीच्या टप्प्यांशी घातली आहे. साहजिकच मधल्या अवस्थेतील चाचपडणे ही उणीव न ठरता प्रगतीची खूण ठरते. चाचणीपत्रिकेत नेमकी हीच नोंद सुटते.

शालेय स्तरावर माओरी माध्यमासाठी ‘ङा फानाकेतांगा रूमाकी माओरी’ ही मानके 2011 पासून होती. इंग्रजी माध्यमाच्या राष्ट्रीय मानकांबरोबरच 2017 च्या अखेरीस त्यांची सक्ती संपली. माध्यमिक स्तरावर 2002 पासून श्रेयांकांवर आधारलेली राष्ट्रीय प्रमाणपत्र पद्धती लागू असून माओरी भाषा हा तिच्यातील एक विषय आहे.