इंजेक्शन मोल्डिंग यंत्रातील झडपांची निवड

प्लॅस्टिकचे दाणे वितळवून तो रस दाबाने साच्यात भरणाऱ्या यंत्रात झडपा (व्हॉल्व्ह) दोन मार्गांवर असतात : वितळलेल्या प्लॅस्टिकच्या मार्गावर आणि यंत्र हलवणाऱ्या हायड्रॉलिक तेलाच्या मार्गावर. दोहोंच्या निवडीचे निकष वेगळे आहेत.

स्क्रूच्या टोकावरील झडप : जॉन वेस्ली हायट व त्यांचे बंधू आयझाया यांनी १८७२ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेल्या यंत्रात दट्ट्या होता. स्क्रू यंत्राचे श्रेय बहुधा जेम्स वॉटसन हेन्ड्री यांना देतात व त्याचे साल १९४६ सांगतात. झडपेच्या दृष्टीने मात्र फिरता फिरता मागे सरकणारा आणि मग दट्ट्यासारखा पुढे जाणारा स्क्रू हा निर्णायक टप्पा होय. त्यासाठी विल्यम विलर्ट यांचे अमेरिकन एकस्व (मंजुरी १९५६) अधिक महत्त्वाचे मानणे योग्य वाटते. स्क्रूच दट्ट्याचे काम करू लागला, की दाबलेला रस त्याच्या आट्यांतून मागे पळतो. तो अडवण्यासाठी टोकाशी नॉन-रिटर्न झडप बसवतात.

तिचे कडीची (चेक रिंग) व गोळीची असे दोन प्रकार रूढ आहेत. गोळीच्या झडपेत रसाची वाट अरुंद असते, म्हणून उष्णतेने लवकर बिघडणाऱ्या प्लॅस्टिकला ती टाळतात. कडक पीव्हीसीसाठी तर अनेकदा झडपेविना नुसते निमुळते टोक वापरतात. काचतंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकने कडी झिजते. तेथे कठीण पोलादच हवे. साचा भरल्यावर स्क्रूपुढे उरणारा रस, म्हणजे कुशन, दर फेरीला कमी-जास्त होऊ लागला, तर पहिला संशय याच झडपेवर घ्यावा.

तेलाच्या झडपा : यांची निवड प्रवाहावरून होते आणि सर्वाधिक चुकाही येथेच होतात. ५० मिमी. व्यासाच्या स्क्रूमागे त्याच्या दहापट क्षेत्रफळाचा सिलिंडर असेल, तर १६० बार तेलदाबातून प्लॅस्टिकवर सुमारे १,६०० बार दाब मिळतो. स्क्रू सेकंदाला १०० मिमी. वेगाने पुढे न्यायचा, तर मिनिटाला सुमारे ११८ लिटर तेल लागते. कॅटलॉगमधील दर मिनिटाच्या लिटरचा आकडा मात्र ठरावीक दाबघटीचा (झडपेच्या आधीच्या व नंतरच्या दाबांतील फरकाचा) असतो : प्रपोर्शनल झडपांना (विद्युत संकेताच्या प्रमाणात उघडणाऱ्या) बहुधा १० बार, सर्व्हो झडपांना (त्याच तत्त्वाच्या, पण अधिक अचूक व चपळ) ७० बार. प्रवाह दाबघटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे ‘६० लिटर’ची प्रपोर्शनल झडप ४० बार दाबघटीला १२० लिटर तेल सोडते, तर ‘६० लिटर’चीच सर्व्हो झडप १० बारला जेमतेम २३ लिटर. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे आहे.

शिवाय साचा भरत येतो तसा विरोध वाढतो. १६० पैकी १४० बार त्यातच खर्च झाले, तर झडपेसाठी २० बार उरतात आणि वरची प्रपोर्शनल झडप ८५ लिटरवर येते. वेग नेमका शेवटच्या टप्प्यात पडतो. म्हणून आकार ठरवताना भरण्याच्या अखेरीस उरणारी दाबघट धरावी, सुरुवातीची धरू नये. खूप मोठी झडप घेणे हाही उपाय नव्हे. तिचा स्पूल (तेलाची वाट उघडझाप करणारा सरकता दांडा) जेमतेम उघडतो आणि मंद वेगावरचा ताबा सुटतो.

साचा आवळणाऱ्या मोठ्या सिलिंडरला जलद हालचालीत टाकीतून थेट तेल घेऊ देणारी प्रीफिल झडप लागते. तेल दर १०० बारला सुमारे ०.७ टक्के आक्रसते. साठलेला हा दाब हळूहळू न सोडता झडप उघडली, तर यंत्राला धक्का बसतो. मोठ्या प्रवाहाला कार्ट्रिज झडपा (धातूच्या ठोकळ्यातील भोकात बसवायच्या) सोयीच्या. त्यांच्या बैठकीची मापे आयएसओ ७३६८ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत. फॉस्फेट एस्टर जातीचे अग्निरोधक द्रव वापरताना नायट्राइल रबराची सीले चालत नाहीत. सर्व्हो झडपेतील फट काही मायक्रॉनचीच असते, त्यामुळे तेल गाळण्याची पातळी निवडीबरोबरच ठरवावी.

सर्व्हो मोटरवरील पंप प्रवाह व दाब स्वतःच सांभाळत असल्याने अनेक नव्या यंत्रांतून इंजेक्शनची प्रपोर्शनल झडप गेली आहे. पूर्ण विद्युत यंत्रात तेलाची झडप नसते. स्क्रूच्या टोकावरची कडी मात्र तेथेही असते.